थांब्यातलं गाणं

१

मी कानाच्या दवाखान्यात काम करतो. मागच्या बाजूला माझी खोली आहे आणि त्या खोलीच्या आत आणखी एक खोली, लिफ्टपेक्षा थोडी मोठी. तिला आम्ही बूथ म्हणतो. भिंतींना आतून राखाडी फोम, वीतभर जाडीचं दार, दुहेरी काचेची खिडकी. पेशंट आत बसतो, कानांवर हेडफोन आणि हातात वायरीला जोडलेलं बटण. मी बाहेर यंत्रापाशी बसून आवाज सोडतो, कधी बारीक शिट्टीसारखे, कधी भुंग्यासारखे. ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं. मग माझ्यासमोरचा हिरवा दिवा लागतो.

हे काम करता करता मला एक कळलं, की आवाज सोडणं कुणालाही जमतं. कधी सोडायचा नाही हे जमायला वेळ लागतो. काही पेशंट माझ्या खांद्यांच्या हालचालीवरून ओळखतात, म्हणून मी यंत्रापुढे एक पुठ्ठा उभा केला आहे. काहींना शाळेतल्या परीक्षेसारखी नापास होण्याची धास्ती असते. ते ठेक्यात बटण दाबत राहतात. त्यांच्यासाठी मी मधेच गप्प बसतो, चांगला लांब. त्या वेळात दिवा लागला तर समजायचं, अंदाजपंचे चाललंय.

माझ्या बायकोने असं कधी केलं नाही. ती तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाई विभागावर देखरेख करते. शिलाई मशिनांच्या खडखडाटात तिचे कान हळूहळू जात राहिले. कानामागे लावायची दोन छोटी मशिनं मीच तिच्या मापाची करून दिली. दरवर्षी मी तिला बूथमध्ये बसवतो, दरवर्षी कागदावरची रेघ थोडी खाली येते. ती बाहेर येऊन विचारते, “पास?” मी म्हणतो, “काठावर.” या वर्षी मात्र रेघ इतकी घसरली होती की मला विनोद सुचला नाही.

ते लेकीला फोनवर सांगितलं. लेक लांबच्या शहरात असते. आठवड्याभरात तिने आम्हाला दोन तिकिटं पाठवली.

“ते येतायत, बाबा. तुमचे चौघे,” ती म्हणाली. “आईला नीट ऐकू येतंय तोवर जाऊन या. आणि उड्या मारू नका. गुडघे बदलून द्यायला माझ्याकडे पैसे नाहीत.”

ते चौघे म्हणजे आमचा बँड. माझी आणि बायकोची ओळखच त्यांच्यामुळे झाली. एका मित्राच्या खोलीवर एकच कॅसेट होती आणि दोघांनाही ती घरी न्यायची होती. त्यांचे निम्मे शब्द आम्हाला कधी कळले नाहीत. ढोल बडवणाऱ्याला ती ‘सुतार’ म्हणायची आणि गाणाऱ्याला, तो सतत रागावल्यासारखा दिसतो म्हणून, ‘मास्तर’. त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यात मधेच सगळी वाद्यं एकदम थांबतात. एक श्वास घेण्याइतका वेळ काही नाही, आणि मग सुताराचा दणका. सगळेच चाहते त्याला थांब्याचं गाणं म्हणतात. लग्नानंतर कितीतरी वर्षं आम्ही त्या थांब्याला हातातलं काम सोडून एकमेकांकडे बघत असू. पोळी तव्यावर असली तरी.

२

कार्यक्रम एका मोठ्या बंदिस्त क्रीडागृहात होता. आमच्याच वयाची माणसं, बरीचशी काळ्या शर्टांत पोटं कोंबून आलेली. आमच्या पुढच्या रांगेत चौकड्यांच्या लोकरी टोपीतला एक माणूस बसला होता.

“एवढ्या उकाड्यात टोपी,” बायको माझ्या कानाशी म्हणाली. आपला आवाज किती मोठा होतो हे तिला हल्ली कळत नसे. त्या माणसाने मागे वळून टोपी जराशी उचलली. खाली तुळतुळीत टक्कल होतं. बायको इतकी हसली की तिला ठसका लागला.

सुताराने पहिला ठोका दिला आणि तिने दोन्ही मशिनं काढून मुठीत घेतली. एका मर्यादेच्या पलीकडे त्यांतून नुसती करकर येते. “मी छातीने ऐकते,” तिने खुणेने सांगितलं आणि तळवा खुर्चीच्या दांड्यावर टेकला. मी तिच्याकडे बघत होतो. ती ओठांनी शब्द म्हणत होती, आम्ही दोघांनी मिळून चुकीचे ठरवलेले सगळे शब्द. मला वाटलं, रेघ कागदावर कुठेही जाऊ दे, आजचा दिवस हिचा.

थांब्याचं गाणं त्यांनी शेवटाकडे घेतलं. नेहमीच्या जागी सगळं थांबलं.

श्वास घेण्याइतका वेळ गेला. दणका आला नाही.

लोकांना आधी गंमत वाटली असावी. पण कुणी हसलं नाही, शिट्टी मारली नाही. एवढ्या माणसांची शांतता मी कधी अनुभवली नव्हती, आणि शांतता ओळखणं हे माझं पोट भरण्याचं साधन आहे. अशा सभागृहात कुणीतरी खोकतं, खुर्ची करकरते, पंखा फिरत असतो. तिथे बूथसारखं होतं. मला माझा गिळण्याचा आवाज ऐकू आला.

मी बायकोकडे पाहिलं. तिची मान डोलत होती. बोटं मांडीवर ठेका धरत होती, आणि तो त्या गाण्याचा ठेका नव्हता. संथ होता, जरा लंगडा: दोन लांब, एक आखूड, मग मोठी जागा सोडून पुन्हा एक. पुढच्या रांगेत ती चौकड्यांची टोपीही तशीच हलत होती. लांबवर, अंधारात, इथे एक डोकं, तिथे एक.

रंगमंचावर सुताराचे हात वर उचललेले होते. मास्तर प्रकाशाच्या गोलातून बाजूला सरकून उभा होता, आपण जिन्यात कुणाला वाट देतो तसा. माईक त्याने हात लांब करून त्या गोलात धरला होता. गोलात कुणी नव्हतं.

मग बायकोने टाळ्या वाजवल्या. टोपीवाल्याने वाजवल्या. आणखी तुरळक टाळ्या कुठूनकुठून आल्या, विझल्या, आणि सुताराचा दणका बसला. सगळं सभागृह ओरडत उठलं. मीही उठलो. उठावंच लागलं, नाहीतर समोरच्यांच्या नुसत्या पाठी दिसल्या असत्या.

३

सकाळी चहा घेताना ती म्हणाली, “ती बाई काय गायली रे.”

“कोण बाई?”

मशिनं तिच्या कानांत नव्हती. तिने माझ्या ओठांकडे पाहून उत्तर दिलं. “सगळे थांबतात तेव्हा गाते ती.”

“तेव्हा कुणीच गात नव्हतं.”

“तुझं लक्ष नव्हतं. तू माझ्याकडे बघत बसला होतास.”

ते खरं होतं. मी उठून जुनी रेकॉर्ड लावली आणि थांब्यापर्यंत आणली. वाद्यं थांबली, सुईची खरखर झाली, दणका आला. मी तिच्याकडे ‘बघ’ अशा अर्थाने पाहिलं.

तिने हात स्पीकरच्या जाळीवर ठेवला होता. “परत लाव,” ती म्हणाली. मी लावली. “इथेही आहे. बारीक आहे, पण आहे. एवढी वर्षं आपल्याला कसं ऐकू आलं नाही?” ती हसली. “तुझे तर कान चांगले आहेत.”

मी घाबरलो नाही. ऐकू येणं कमी झालं की डोकं स्वतःचे आवाज तयार करायला लागतं, हे मी रोज पेशंटांच्या नातेवाईकांना समजावतो. आमच्याकडे एक निवृत्त पोस्टमन येत, त्यांना दिवसभर साबणाची एक जुनी जाहिरात ऐकू यायची. ते म्हणायचे, निदान साबण तरी चांगला हवा होता. हिच्या नशिबी बाई गातेय, एवढंच. माझं समाधान झालं. फक्त तिने मांडीवर धरलेला ठेका मला आंघोळ करताना आठवत राहिला, आणि मास्तरने कुणासाठी वाट दिली हे त्या समाधानात कुठे बसेना.

४

त्यानंतर घर गप्प होऊ लागलं.

आधी बैठकीतलं घड्याळ बंद पडलं. मी नवा सेल घालायला गेलो तर जुना सेल काढून कपाटावर ठेवलेला. मग एक दिवस दूध नासलं, भाजी सुकली. फ्रीजचा प्लग काढलेला होता. “फार गुणगुणतो तो,” ती म्हणाली. ज्या बाईला दाराची घंटा ऐकू येत नाही तिला फ्रीजचं गुणगुणणं कुठून ऐकू येतं, हे मी विचारलं. प्रश्न तिला ऐकू गेला नाही, किंवा गेला.

मशिनं डबीत होती आणि डबी खणात. मी ती बाहेर काढून तिच्या ताटाशेजारी ठेवायचो. जेवण होईपर्यंत ती परत खणात गेलेली असत.

रविवारी दुपारी मी बाजारातून आलो. झोपायच्या खोलीच्या खिडक्या बंद होत्या, दाराच्या फटीत जुनी चादर गुंडाळून लावली होती. ती पलंगाच्या कडेवर बसली होती, कपड्यांच्या कपाटाकडे तोंड करून. मी तिच्या मागे उभा राहून हाक मारली. मग जरा मोठ्याने मारली. तिची पाठ हलली नाही. मी पिशवी खाली ठेवून गप्प उभा राहिलो, आणि तेव्हा तिने मान एका बाजूला वळवली, माझ्या विरुद्ध बाजूला, आणि हळूच म्हणाली, “हो.”

ती आनंदात होती हे लिहायला हवं. आजारी माणूस मी ओळखतो. हिचा चेहरा उजळला होता. ती केस नीट बांधायची, कारखान्यात जाताना चांगला कुर्ता घालायची. मला ते आवडायला हवं होतं.

लेकीचा फोन आला. “आई माझ्या मेसेजना उत्तर देत नाही. भांडलात का?”

“नाही गं.”

“मग काय करते दिवसभर?”

“बसते.”

“नुसती बसते आणि खूश असते?” लेक हसली. “बाबा, सांभाळा. तिला कुणीतरी भेटलेलं दिसतंय.”

मी हसलो नाही. तिलाही ते जाणवलं असावं, कारण तिने विषय बदलला. मला एकच कळत होतं: बायकोची ऐकण्याची जी काही थोडी शक्ती उरली होती ती ती कुठेतरी खर्च करत होती, आणि माझ्या वाट्याला दर दिवशी कमी येत होतं.

५

शेवटी मी तिला दवाखान्यात नेलं. आमच्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्याहून लहान, पण कामात पक्क्या. त्या म्हणाल्या, “घरचं माणूस आहे, मी करू का तपासणी?” मी म्हटलं, दरवर्षी मीच करतो. त्या माझ्या मागे स्टुलावर बसल्या.

ती बूथमध्ये गेली ती जवळपास पळतच. हेडफोन स्वतःच चढवले आणि डोळे मिटले.

मी आवाज सोडले. गेल्या खेपेला तिला ऐकू आलेल्या पातळीवर सोडले. दिवा लागला नाही. वाढवले. आणखी वाढवले. काचेपलीकडे तिच्या कपाळावर आठी पडली, माशी हाकलावी तशी तिने मान झटकली. बटण दाबलं नाही.

मग मी सवयीने गप्प बसलो.

दिवा लागला. दोन लांब. एक आखूड. मोठी जागा. पुन्हा एक.

मी दोन्ही हात मांडीवर घेतले. दिवा लागत राहिला. मी हेडफोनची पिन यंत्रातून उपटली. आता तिच्या कानात जाण्याचा कुठलाच रस्ता राहिला नव्हता. दिवा लागत राहिला, न चुकता, न घाई करता. तिने कधी, एकदाही, अंदाजाने बटण दाबलं नव्हतं.

बाहेर आल्यावर तिने ‘पास?’ विचारलं नाही. म्हणाली, “आज सगळं ऐकू आलं. तुझ्या शिट्ट्या तेवढ्या मधे मधे येत होत्या.”

ती हात धुवायला गेली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अहो, असं काय बघताय? मेंदूला रिकामं बसवत नाही. बाहेरून काही येईना की आतलं वाजवायला लागतो. तुम्हीच तर सगळ्यांना सांगता हे.”

“पण ऐकू येणारंही आता येत नाही तिला.”

“वय आहे, कारखाना आहे. त्यात तो कार्यक्रम. कान बसले असतील. मशीन घालायला लावा. रागवा हवं तर. शांततेत जास्त वेळ बसू देऊ नका.”

६

दवाखान्याच्या दारावर नावं घ्यायला एक मावशी बसतात. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही आणि तोंडातूनही क्वचितच काही सुटतं. त्यामुळे त्यांनी स्वतःहून विषय काढला तेव्हा मी चपापलो.

“वहिनींना आतला पंखा दुरुस्त करून देता का?” त्या म्हणाल्या. “रोज घामाघूम होऊन बाहेर पडतात.”

“रोज?”

“जेवणाच्या सुट्टीत येतात की. तुम्ही डबा घेऊन गच्चीवर जाता तेव्हा.” माझा चेहरा पाहून त्यांनी पेन खाली ठेवलं. “मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या किल्लीनेच तर उघडतात.”

कारखाना दवाखान्यापासून दोन गल्ल्या पलीकडे आहे. खोलीची दुसरी किल्ली घरी खिळ्यावर असते. मी विचारलं, “एकटीच येते?”

मावशींनी टेबलावरचे कागद उगाचच सारखे केले. “बसतात एकट्याच. तो टोपीवाला बाहेर बाकावर थांबतो. सभ्य दिसतो हो. फारसं बोलत नाहीत एकमेकांशी.”

त्या दिवशी माझा डबा तसाच राहिला. खोटं कशाला बोलू, मला राग आला तो साधा नवऱ्याचा राग होता. एका अर्थाने बरं वाटलं. टोपीवाला हे मला समजणारं कारण होतं.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच आला, सकाळी, कान तपासायला. तीच चौकड्यांची टोपी. त्याची बेकरी होती म्हणे. नखांच्या कडांना पीठ होतं. मी त्याला काही विचारलं नाही. बूथमध्ये बसवलं, दार लावलं, आवाज सोडले. त्याचे कान उत्तम होते. सगळ्यात बारीक आवाजालाही दिवा टचकन लागला. अंगात मुरलेली सवय म्हणा, मी गप्प बसलो.

दोन लांब. एक आखूड. मोठी जागा. पुन्हा एक.

मी दार उघडलं. “आत्ता मी काही सोडलं नव्हतं.”

“माहीत आहे,” तो म्हणाला.

“मग बटण का दाबलं?”

“तुम्ही सांगितलंत, ऐकू आलं की दाबा.” त्याने हेडफोन काळजीपूर्वक खुंटीला अडकवले. “तुम्ही होतात की तिथे. माझ्या मागेच. मला वाटलं होतं तुम्हालाही येईल. वहिनी म्हणतात, तुम्ही फार लक्ष देऊन ऐकता.”

“माझ्या बायकोशी तुमचं काय काम असतं?”

तो दुखावला गेल्यासारखा दिसला. “काम कसलं, साहेब. इथे आत चांगलं ऐकू येतं. खुर्ची एकच आहे. आधी त्यांची पाळी असते.”

७

त्यावरही मी विचार केला. हिला मेंदू फसवतोय. त्याचे कान चांगले असले तरी तोही त्याच कार्यक्रमाला होता. त्या थांब्यात कुठूनतरी, बाहेरच्या रस्त्यावरून म्हणा, एखादी लकेर आत आली असेल, काहींना लागली असेल, आणि ते ती डोक्यात घोळवत असतील. दोन माणसांना एकच गाणं आठवणं यात नवल काही नाही. मात्र आठवणीतलं गाणं प्रत्येकाच्या चालीने चालतं. एक पुढे जातो, दुसरा रेंगाळतो. दोन घड्याळं एकत्र लावली तरी वेगळी होतातच.

म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत गच्चीवर गेलो नाही. खोलीतच बसलो. ती आली, मला पाहून लाजलीही नाही. “तू आहेस? बरं झालं,” एवढं म्हणून आत गेली. मी बूथचं दार लावलं आणि खिडकीवरचा पडदा ओढला, म्हणजे तिला बाहेरचं काही दिसणार नाही. हेडफोनची पिन काढलेलीच होती.

माझ्या खोलीच्या दाराला वरपासून खालपर्यंत काच आहे. त्यातून बाहेरचा बाक दिसतो. टोपीवाला बाकावर बसला होता, माझ्याकडे पाठ करून, एका पायावर दुसरा टाकून. रस्त्यावरची वाहनं, मावशींचा फोन, सगळा आवाज त्याच्याभोवती होता. बूथमध्ये यातलं काहीच जात नव्हतं.

हिरवा दिवा लागला. त्याच्या बुटाचं टोक खाली आलं.

दिवा. बूट. दिवा. बूट.

मी चुकण्याची वाट पाहत बसलो. एवढ्या आशेने मी आयुष्यात कुणाच्या चुकीची वाट पाहिली नसेल. एक मोटार हॉर्न वाजवत गेली, मावशी कुणावर तरी डाफरल्या, टोपीवाल्याला शिंक आली. शिंक आली तेव्हाही बूट वेळेवर खाली आला.

मग दिवा एका लांब ठोक्याच्या मधेच विझला. विझलेलाच राहिला. मी काचेकडे पाहिलं. बूट हवेत थांबला होता. नुसता उचललेला, खाली न येता. टोपी जराशी वर उचलली गेली होती, बोलणारा माणूस मधेच अडखळला की आपण त्याच्याकडे बघतो तशी.

तो आता मागे वळेल असं मला वाटलं आणि मी पुठ्ठ्यामागे सरकलो. माझ्याच खोलीत, माझ्याच यंत्रामागे.

तो वळला नाही. पण गाणारी ती जी कोणी होती, ती थांबली होती, आणि मला नको त्या खात्रीने वाटलं की ती माझ्यामुळे थांबली. मग दिवा लागला. बूट खाली आला.

८

तेव्हा मी ठरवलं, बस झालं. हिला उठवायचं, मशिनं घालायची, संध्याकाळच्या गाडीने लेकीकडे न्यायचं. लेकीच्या घरी दोन लहान मुलं आहेत आणि वर राहणारा माणूस लाकडी चपला घालतो. तिथे शांतता औषधालाही मिळत नाही.

मी बूथचं दार उघडलं. ती डोळे मिटून बसली होती. मी तिच्या खांद्याला हात लावला.

“चल,” मी म्हणालो. “घरी चल.”

तिने डोळे उघडले, पण माझ्या ओठांकडे पाहिलं नाही. आमच्या घरात गेली काही वर्षं प्रत्येक वाक्याआधी तिची नजर माझ्या ओठांवर यायची. त्या नजरेची मला किती सवय झाली होती हे ती आली नाही तेव्हा कळलं.

“ये,” ती म्हणाली, आणि खुर्चीत अंग चोरून मला जागा केली.

मी ओरडलो. तिचं नाव घेऊन ओरडलो, लग्नाआधी मारायचो तशी हाक मारली. बूथमध्ये ओरडलं तरी आवाज ओठांपाशीच पडतो. फोम तो पिऊन टाकतो. तिने प्रेमाने माझ्या गालाला हात लावला.

“तू एकटाच मागे राहिलास रे,” ती म्हणाली. “मला बरं नाही वाटत त्याचं. पण आता मला तुझं काही ऐकू येत नाही. आधी थोडं यायचं, आता तेही नाही. तूच ये इकडे.”

तिला उचलून नेणं शक्य होतं. ती हलकी आहे. पण उचलून नेलं असतं तर जे घरी गेलं असतं ते मी रविवारी पाहिलं होतं: कपाटाकडे तोंड केलेली पाठ. मी दाराच्या मुठीवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिलो. मग दार आतून ओढून घेतलं आणि तिच्याशेजारी, अर्धा खुर्चीवर, अर्धा हवेत, बसलो.

बूथमध्ये पहिल्यांदा बसणाऱ्याला काय ऐकू येतं ते मला पेशंटांनी अनेकदा सांगितलं आहे. रक्ताची सळसळ. मानेचं हाड. पोट. मला तेच सगळं ऐकू आलं आणि हायसं वाटलं. इथे आम्ही दोघं आहोत आणि दोघांचे श्वास, मी मनाशी म्हणालो. बाकी काही नाही. हिला हे दाखवून द्यायचं आणि बाहेर पडायचं.

तिने माझा हात हातात घेतला आणि श्वास रोखला, नीट ऐकता यावं म्हणून. मीही रोखला.

आणि तेव्हा, माझ्या डाव्या बाजूला, जिथे भिंत माझ्या दंडाला टेकली होती, कुणीतरी श्वास घेतला. खोल, सावकाश, लांब ओळ म्हणण्याआधी गाणारी माणसं घेतात तसा. छातीत जागा करून घेतलेला.

दार उघडलं ते डॉक्टरीणबाईंनी. त्या आल्या तेव्हा खोलीतलं ऊन टेबलावरून भिंतीवर गेलं होतं. त्यांच्यामागे मावशी तोंडाला पदर लावून उभ्या होत्या, मावशींच्या मागे टोपीवाला, टोपी हातात धरून, माझ्याकडे बघून ओळखीचं हसत होता. बाईंनी माझा खांदा धरून हलवला. त्यांचं तोंड भराभर उघडत होतं आणि मिटत होतं, मानेची शीर ताणली गेली होती. बहुतेक ओरडत असाव्यात. दार उघडल्यामुळे ओळ मधेच पुसट झाली. बायकोची बोटं माझ्या हातात चुळबुळली.

“दार लावून घ्या,” मी बाईंना म्हणालो. म्हणजे, म्हणालो असेन. मला काही ते ऐकू आलं नाही.